लाँगइयरब्येनला जाताना: ओस्लोहून थेट की ट्रॉम्सोमार्गे?

स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ध्रुवीय बेटांवर, जायचं पक्कं झालं की तिकीट काढताना गाडी इथेच अडते: तिथल्या मुख्य गावी, लाँगइयरब्येनला, ओस्लोहून थेट जायचं की उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातून? नकाशावर ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन हे अंतर बघूनच धडकी भरते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ते मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ पावणेतीन पट दिसतं. प्रत्यक्षात आहे सुमारे ९६० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. ध्रुवाकडचा भाग तो नकाशा ताणून दाखवतो, त्याची ही करामत. खात्री करायची तर अक्षांश बघा: ट्रॉम्सो ६९.७, लाँगइयरब्येन ७८.२. एका अंशाला १११ किलोमीटर धरून तोंडी हिशोब होतो.

आता दोन्ही मार्ग शेजारी ठेवू. ओस्लोहून थेट साधारण २,०१५ किलोमीटर. ट्रॉम्सोमार्गे आधी १,११५, मग ९६०, एकूण २,०७५. वळसा फक्त साठेक किलोमीटरचा! ट्रॉम्सो वाटेवरच आहे म्हणा ना.

घड्याळ मात्र वेगळं सांगतं. थेट विमानाला तीन तास लागतात. ट्रॉम्सोमार्गे आधी दोनेक तास, पुढे दीड-पावणेदोन, शिवाय मधला थांबा. सगळं जमून आलं तरी साडेचारच्या पुढे. वेळ खातं ते उतरणं-चढणं आणि पासपोर्टची रांग. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. त्यामुळे त्याच विमानाने पुढे जाणाऱ्यांनाही ट्रॉम्सोला हातातलं सामान घेऊन उतरावं लागतं, पासपोर्ट दाखवून परत त्याच विमानात बसायचं. थेट जाणाऱ्यांचं हे काम ओस्लोतच उरकतं.

आपल्या पासपोर्टवाल्यांनी मार्गाआधी व्हिसाचं स्टिकर बघावं. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण परतताना तुम्ही शेंगेनमध्ये नव्याने शिरता. प्रवेशसंख्येच्या रकान्यात ‘०१’ असेल तर येताना अडकाल. ‘०२’ किंवा ‘मल्ट’ (अनेकदा प्रवेश) हवं. यात दोन्ही मार्ग सारखेच.

माझं मत विचाराल तर, फक्त स्वालबार्डच बघायचं असेल आणि सोबत आई-बाबा किंवा लहान मुलं असतील, तर थेट विमान. थोडेफार पैसे वाचवायला ती चढ-उतार नको. सप्टेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल आणि ट्रॉम्सोला दोन-तीन रात्री काढता येत असतील, तर मात्र ट्रॉम्सोच. ध्रुवीय प्रकाशासाठी (नॉर्दर्न लाइट्स) तेवढ्या रात्री हाताशी हव्यातच. नुसता तासाभराचा थांबा घेऊन ‘ट्रॉम्सो पाहिलं’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

परतीच्या दिवशी पुढचं मुंबईचं विमान लगेच धरू नका. लाँगइयरब्येनची हवा बिघडली की दोन्ही मार्गांचे प्रवासी एकाच छोट्या हॉलमध्ये बसून असतात.