फवारणीचा पंप: दांड्याचा घ्यावा की बॅटरीचा?

पेरणी आटोपली की कृषी केंद्रात गर्दी होते आणि दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतोच, "भाऊ, कोणता पंप घेऊ?" टाकी दोन्हीची 16 लिटरची.

अंगमेहनतीचं पाहिलं तर बॅटरीवाला पुढे आहे, यात वाद नाही. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर बारा-तेरा पंप होतात. दांडा हाणून हाणून दुपारपर्यंत खांदा भरून येतो. बॅटरीवाला पाठीवर दोन-अडीच किलोनं जड भरतो, पण बटण दाबलं की फवारा सुरू. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे सुख कमी नाही.

बिघाडात मात्र उलटं आहे. दांड्याचा दाब बसेना तर बहुतेक वेळा वायसर (वॉशर) गेलेलं असतं. धुऱ्यावर बसून बदलता येतं. बॅटरीवाल्याची मोटर बसली की तालुका गाठावा लागतो, अळी तोवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खातच राहते. रात्री लाईन गेली तर सकाळी चार्जिंग नाही. हंगाम संपल्यावर कोठ्यात टाकून दिला तर बॅटरी मरते. महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करावीच लागते.

पण माझा जीव अडकतो तो तिसऱ्याच गोष्टीत. दांडा हाताला कळवतो. नोझल तुंबलं की जड लागतो, दाब सुटला की सैल. आणि हात थकला की माणूस बसतो, तोंड धुतो, वारा कुठून येतो ते पाहतो. बॅटरीवाला थांबवत नाही. माझ्या चुलतभावानं भर उन्हात दोन एकर सलग मारलं. "हात दुखत नव्हता, म्हून आटपूनच घेतो म्हनलं." संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. पाठीचा सदरा औषधानं ओला होता, त्याला पत्ता नव्हता. तीन दिवस दवाखान्यात काढले. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या साली पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

म्हणून माझं मत असं. दोन एकरापर्यंत शेती आणि अंगात ताकद असेल तर दांड्याचाच घ्या. त्याहून जास्त असेल तर डबल पंप घ्या, ज्याला बॅटरीही आहे आणि दांडाही. पैसे थोडे जास्त लागतील, पण लाईन गेली तरी काम अडत नाही. नुसता बॅटरीचा मी कुणाला सांगत नाही. तोच घ्यायचा असेल तर चार पंपांमागे एकदा उतरवून पाठ चाचपायची, हे घरच्यांसमोर कबूल करून घ्या.

दुकानातच साधं पाणी भरून चालवून पाहा. नोझल स्वतःच्या हातानं खोलून परत बसवा. शेतात तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, तारही घालायची नाही, भोक मोठं होतं. जुना दातांचा ब्रश खिशात ठेवा.