रनवेशेजारचा ‘फोटो परवाना’: माझे २५,२०० रुपये असे गेले

पैसे परत मिळतील म्हणून हे लिहीत नाहीये, ती आशा सोडली आहे. विमानांच्या फोटोंचा नाद नुकताच लागलेल्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहितेय.

आमचं घर घाटकोपरला. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. हाताशी जुना कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स. २०२२ च्या सुरुवातीपासून मी गच्चीवर उभी राहायला लागले. पण गच्चीवरून मिळतात ती विमानांची पोटं. मला बाजूने फोटो हवा होता. चाकं टेकताना उठणारा धूर, पावसाळ्यात चाकांमागे उडणारे पाण्याचे फवारे. त्यासाठी कुंपणाच्या आत जायला हवं, आणि नेमकं तेच विकणारा माणूस मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर भेटला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी ‘सभासदत्व’ १,५०० रुपये. मग ‘वार्षिक छायाचित्रण परवाना’ ८,५००. मग ‘पोलीस पडताळणी’ ३,२००. शेवटी ‘परत मिळणारी अनामत’ १२,०००. नऊ दिवसांत चार वेळा मी स्वतःच्या हाताने यूपीआयचा पिन टाकला. प्रत्येक वेळी पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं दिसत होतं, तेही साध्या माणसाचं, संस्थेचं नाही. तिथे थांबायला हवं होतं.

पण खरं थांबायला हवं होतं त्याच्याही आधी. ‘मागच्या महिन्यात आमच्या पॉइंटवरून काढलेला’ म्हणून त्याने एक फोटो पाठवला होता. उतरणारं बोइंग ७७७, निळी-सोनेरी शेपटी, जेट एअरवेजचं. जेट १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली हे मला माहीत होतं. तो फोटो मी मोठा करून, शेपटीपासून चाकांपर्यंत पाहिला. विचारलंही. तो म्हणाला, “ताई, जेट परत येतेय, ट्रायल चालू आहेत.” आणि मी गप्प बसले, कारण त्याच वर्षी मे महिन्यात जेटच्या चाचणी उड्डाणाची बातमी खरोखर आली होती. फक्त ते विमान ७३७ होतं, ७७७ पेक्षा बरंच लहान. ७७७ आणि ७३७ मधला फरक मी झोपेतही सांगेन! तरी त्या दिवशी मला तो दिसला नाही, कारण मला तो बघायचाच नव्हता. याची लाज पैसे गेल्यापेक्षा जास्त वाटते.

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले नाहीत, एवढंही सांगते. त्याच्या पीडीएफवर ‘विमान नियम १९३७, नियम १३’ असं छापलं होतं. मी शोधलं, तर नियम खरा निघाला. विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला तो मनाई करतो. नियम खरा म्हणून कागद खरा, असं मी धरून चालले. ती परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतली, कुठल्या क्लबने विकायची गोष्ट नव्हे. आत जायचा प्रवेश परवाना तर नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो देतो, आणि तो ज्यांचं आत काम असतं त्यांना. हौस म्हणून रनवेशेजारी उभं राहायचा वार्षिक पास कुणी देऊ करत असेल, तर पुढचं एक वाक्यही ऐकू नका.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला सांगितलेल्या गेटवर गेले. पाऊस होता, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत. जवानाने कागद वाचला आणि शांतपणे म्हणाला, “मॅडम, असा कागद नसतोच. कॅमेरा बाहेर काढू नका, घरी जा.” त्या महिन्याभरात माझ्याशी नीट बोललेला तो एकटाच.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “विमानतळाचे फोटो तुम्हाला कशाला हवेत?” चोर बाजूलाच राहिला, चौकशी माझी सुरू झाली. फोनमधले गच्चीवरचे फोटो दाखवायला लावले. मग हद्दीचा घोळ. राहता घाटकोपरला, गेट दुसरीकडे, खातं तिसऱ्याच राज्यातलं. मला सायबर कक्षात पाठवलं, तिथून परत ठाण्यात. पाच फेऱ्या, तीन अर्ध्या रजा. एका साहेबांनी तर “शिकलेल्या बायका अशा कशा फसतात” असं चारचौघांत विचारलं. फसवणाऱ्याला असे प्रश्न कुणी विचारले का? बँकेचं उत्तर एका ओळीचं, पिन तुम्हीच टाकलात. ऑनलाइन तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर, फोन मी चौथ्या दिवशी केला, लाजेपोटी. तसं करू नका, पैसे गेल्याचं कळताच फोन लावा, तेव्हाच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. कुणी नमुन्याचा फोटो पाठवला, तर मूळ फाइल मागा, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तारीख उरत नाही. भारतीय विमानावरची व्हीटीने (VT) सुरू होणारी नोंदणी अक्षरं वाचा आणि ते विमान आज कुठे उडतंय ते शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि ‘अनामत परत मिळेल’ हे शब्द ऐकले की उठा.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने एका नव्या ग्रुपमधली जाहिरात पाठवली. परवान्याचा दर आता ९,५०० झालाय. खाली तोच फोटो आहे, निळ्या-सोनेरी शेपटीचं ७७७, ‘मागच्या महिन्यात काढलेला’.