डोळ्याच्या तक्रारीत दात तपासणारा सशांचा दवाखाना

पुण्यात ससा पाळणाऱ्यांना हा दवाखाना मी निःशंकपणे सुचवेन. मात्र खर्चाचा अंदाज आधीच लेखी मागून घ्यावा, कारण तो आपणहून दिला जात नाही.

आमच्या भुऱ्याच्या डाव्या डोळ्यातून सतत पाणी येत होते आणि गालावरची लव चिकटून तिथली कातडी लाल पडली होती. घराजवळच्या दवाखान्यातून मिळालेल्या थेंबांनी डोळा तेवढ्यापुरता कोरडा राही आणि थेंब थांबवले की पुन्हा वाहू लागे. इथल्या पशुवैद्यांनी डोळ्याकडे वळण्याआधी तो काय खातो आणि लेंड्या लहान झाल्या आहेत का, हे विचारले. मग त्याच्या खालच्या जबड्याची कड अंगठ्याने हळूहळू चाचपली. जुन्या थेंबांची बाटली वाचून, त्यात स्टेरॉइड असल्याने, ते तत्काळ बंद करायला सांगितले. त्यानंतर दोन्ही डोळ्यांत फ्लुरोसीन हा रंग सोडला. उजवीकडचा रंग थोड्या वेळाने नाकपुडीत उतरला, डावीकडचा मात्र हिरवा ओघळ होऊन गालावर आला. बुबुळावर जखम नाही, पण अश्रुनलिका तुंबली आहे, हे आम्हाला समोरच दिसले.

ती का तुंबते, हे त्यांनी कवटीचे चित्र काढून समजावले. सशाचे सर्व 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढच्या दातांची वाढ तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर इतकी असते. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा झिजतात. तशी झीज झाली नाही की दाढा लांबतात, समोरासमोर टेकतात आणि त्यांची मुळे हाडात उलट्या दिशेने सरकू लागतात. अश्रुनलिका वरच्या दातांच्या मुळांना अगदी लगटून जात असल्यामुळे त्या दाबाने ती चेपली जाते. जाग्या सशाच्या दाढा दुर्बिणीतून अर्ध्यामुर्ध्याच दिसतात, म्हणून भूल देऊन तोंड पूर्ण तपासण्याचा आणि कवटीचा एक्स-रे काढण्याचा सल्ला मिळाला.

भुलीपूर्वी भुऱ्याला उपाशी ठेवू नका, असे त्यांनी बजावले, तेव्हाच माझा विश्वास बसला. ससा उलटी करू शकत नाही, आणि पोट रिकामे राहिले तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावण्याचा धोका असतो. कुत्र्याचा नियम त्याला लावून चालत नाही. दाढांची जिभेला टोचणारी टोके फिरत्या कानशीने घासून काढली, नेलकटरसारख्या कशाने कापली नाहीत, कारण कापताना दात उभा चिरण्याची भीती असते. नलिकेत सलाईन सोडल्यावर नाकपुडीतून दुधासारखा घट्ट पदार्थ बाहेर आला. वेदनाशामक दिले आणि तो खाऊ लागेपर्यंत त्याला ठेवून घेतले. सरकलेली मुळे पूर्ववत होणार नाहीत, नलिका पुन्हा तुंबू शकते आणि दाढा अधूनमधून तपासाव्याच लागतील, हेही आडपडदा न ठेवता सांगितले.

आता उणिवा. ससे आणि कुत्रे एकाच खोलीत ताटकळतात. शेजारी लॅब्रेडॉर धापा टाकत असताना पिंजऱ्यातला ससा दगडासारखा थिजतो, म्हणून पिंजऱ्यावर घालायला चादर न्यावी. आत डॉक्टर आहारात बहुतांश गवतच हवे म्हणून कळकळीने सांगतात आणि बाहेर काउंटरवर बिया व रंगीत दाण्यांची पाकिटे विकायला मांडलेली असतात, ही विसंगती त्यांनीच मिटवायला हवी. आयात केलेले टिमोथी गवत तिथे महाग पडते. फवारणी न झालेली हरळी चालते, असे डॉक्टरांनीच सांगितले, फक्त मोठ्या सशाला रोज लसूणघास देऊ नये, कारण त्यात कॅल्शियम फार असते.

रविवारी दवाखाना बंद असतो. अर्धा दिवस काहीच न खाल्लेल्या सशाला सोमवारपर्यंत थांबवता येत नाही, तेव्हा पहिल्या भेटीतच तातडीच्या वेळचा क्रमांक मागून घ्यावा.