तालमुदचा जुना छापील पाठ: व्हेनिस, बासल की विल्ना?

बाबिलोनी तालमुद, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा आणि त्यांवरच्या चर्चांचा ग्रंथ, जुन्या छपाईतून वाचायला घेणाऱ्यापुढे मुख्यतः तीन आवृत्त्या येतात. माझं मत आधीच सांगतो: रोजच्या वाचनाला विल्ना, पाठ पारखायला व्हेनिस.

व्हेनिसची आवृत्ती (१५२०–२३) डॅनिएल बॉम्बर्गची. हा अँटवर्पचा ख्रिस्ती मुद्रक, आणि त्याला परवानगी होती पोप दहाव्या लिओची. त्याआधी सोन्सिनो घराण्याने १४८४ पासून इटलीत सुटे भाग छापले होते. संपूर्ण तालमुद पहिल्यांदा छापला तो बॉम्बर्गने. मध्ये मूळ पाठ, बांधणीकडच्या बाजूला राशी या फ्रेंच रब्बींचं (ज्यू धर्मगुरूंचं) भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत (राशींनंतरच्या रब्बींच्या टीपा), ही मांडणी सोन्सिनोचीच. पानांचे क्रमांक मात्र बॉम्बर्गचे, आणि तेच आजतागायत चालतात. कुठल्याही पुस्तकात ‘बेराखोत २अ’ (‘बेराखोत’ या भागाच्या दुसऱ्या पानाची पहिली बाजू) असा संदर्भ दिसला, तर तो इथेही त्याच पानावर सापडतो. एवढ्या एका सोयीसाठी अभ्यासकांनी बॉम्बर्गचे ऋण मानावेत.

१५५३ साली रोममध्ये तालमुदच्या प्रती जाहीरपणे जाळल्या गेल्या. स्वित्झर्लंडमधल्या बासलची आवृत्ती (१५७८–८१) त्या धाकातली. सेन्सॉरने शब्द बदलले, उतारे गाळले. मूर्तिपूजेविषयीचा ‘अवोदा झारा’ हा भाग तर अख्खा वगळला. धर्मग्रंथावर कात्री कशी चालली याचा अभ्यास करायचा असेल तरच ही उघडा. पाठासाठी नको.

विल्नाची (आजचं लिथुआनियातलं विल्निअस) आवृत्ती (१८८०–८६) ‘रॉम’ (Romm) या मुद्रक घराण्याच्या छापखान्याची. भाष्यांची इतकी श्रीमंती आधीच्या दोन्हींत नाही. अकराव्या शतकातले भाष्यकार रब्बेनू हनानेल यांचं भाष्य इथे हस्तलिखितांवरून छापलं आहे. शिकणाऱ्याला हीच सोयीची, कारण नंतरची बहुतेक पुनर्मुद्रणं आणि शिकवण्या हिच्याच पानांवर चालतात. पण सेन्सॉरच्या खुणा हिच्यातही राहिल्या. ‘सान्हेद्रिन ४३अ’ वरचा येशूच्या मृत्युदंडाचा उतारा हस्तलिखितांत आहे, विल्नाच्या पानावर नाही. म्हणून परधर्मीयांचा किंवा पाखंड्यांचा उल्लेख आला की तेवढं पान व्हेनिसच्या प्रतीशी ताडून पाहाच.

अर्थात व्हेनिसची प्रतही शेवटी छापील. चुका तिच्यातही आहेत. दोघींत फरक दिसला, तर १३४२ सालच्या म्युनिक हस्तलिखिताकडे जा. तालमुद जवळजवळ संपूर्ण असलेलं जुनं हस्तलिखित ते एकच.