कॅमेरा हातातून सोडला आणि फसले

मोरोक्कोला जाणार असाल आणि गळ्यात कॅमेरा असणार असेल, तर हे आधी वाचा. मराकेशच्या जामा अल-फना चौकात माझे तीनशे दिरहॅम गेले. कॅमेराही जायचा, तो थोडक्यात वाचला.

रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्याला हा चौक सोडवत नाही. गोष्टी सांगणारे, गारुडी, मेंदी काढणाऱ्या बायका, ढोल बडवणारे ग्नावा वादक. याच लोकांमुळे २००१ साली युनेस्कोने या चौकाला अमूर्त वारशाचा मान दिला. संध्याकाळी कुतुबिया मशिदीच्या मिनारामागे ऊन उतरतं आणि खाण्याच्या गाड्यांवरचा धूर त्या उजेडात तरंगत राहतो. त्या उजेडात मला पाणीवाला दिसला. लाल झगा, गोंडे लोंबणारी रुंद टोपी, खांद्याला कातडी पखाल, छातीवर ओळीने लटकवलेल्या पितळी वाट्या. दहा-बारा पावलांवरून मी दोन फोटो घेतले. विचारलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं माझ्या या चुकीवरच रचलेलं होतं.

पाणीवाला काहीच बोलला नाही. बोलला तो बाजूचा चामडी जॅकेटवाला. इंग्रजी चांगलं, आवाज मऊ. "मॅडम, तो गरीब माणूस आहे, त्याला वाईट वाटलंय. फोटो दाखवा, नको असेल तर पुसून टाकू." मला खरंच अपराधी वाटलं. गळ्यातला पट्टा काढून मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्ट्याचे दोन वेढे स्वतःच्या मनगटाला घातले आणि आवाज बदलला. "चारशे दिरहॅम." तोवर मागे आणखी दोघे येऊन उभे राहिले होते. न विचारता फोटो काढलास, पोलिसांना बोलावतो, असं म्हणाला. परक्या देशात पोलीस म्हटलं की पोटात गोळा येतो. मी पर्स उघडली, आतल्या नोटा त्याला दिसल्या, आणि घासाघीस तिथेच संपली. दोनशेची एक आणि शंभरची एक नोट देऊन कॅमेरा सोडवला.

पोलिसांची ती धमकी पोकळ होती, हे हॉटेलवर गेल्यावर कळलं. चौकात पर्यटकांसाठी वेगळे पोलीस असतात, आणि असल्या माणसांना त्यांचीच भीती असते. "चला, जाऊ या पोलिसांकडे" असं मीच मोठ्याने म्हणायला हवं होतं. शहरात पोलिसांचा नंबर १९ आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा. मात्र पोलिसांचे किंवा लष्कराचे फोटो काढू नका, त्यात खरोखर अडकाल.

पाणीवाल्याला पैसे देण्याला माझी अजिबात ना नाही. त्याच्याकडून पाणी विकत घेणारे आता फारसे उरले नाहीत, फोटोवरच त्याचं घर चालतं. फुकट फोटो काढणं हा त्याच्यावर अन्यायच. म्हणून कॅमेरा वर करण्याआधी त्याच्याशीच बोला, रक्कम ठरवा आणि पैसे त्याच्याच हातात ठेवा. मध्ये कुणी दुभाषा घुसला की तिथून निघा. दहा दिरहॅमची नाणी वेगळ्या खिशात ठेवा, पर्स उघडायची वेळच येऊ देऊ नका. फोटो दाखवायचा असेल तर पट्टा गळ्यात ठेवून दाखवा. पुसायचा झाला तर तो तुम्हीच पुसायचा. आणि गारुडी गळ्यात साप टाकून "मी तुमचा फोटो काढतो" म्हणाला, तर फोन त्याच्या हाती देऊ नका. डावाची मेख तीच.

दुसऱ्या दिवशी त्याच पाणीवाल्याला नाणं दिलं. तो टोपी सावरून ताठ उभा राहिला. मी आदल्या दिवसाचा फोटो दाखवून त्या पैशांतलं काही मिळालं का ते खुणेनेच विचारलं, त्याने रिकामे तळवे पुढे केले.

तो फोटो रात्री मोठा करून पाहिला होता. डाव्या कडेला जॅकेटवाला उभा आहे. चौकातले सगळे पाणीवाल्याकडे बघतायत, आणि तो थेट माझ्या कॅमेऱ्याकडे.