बडोद्यात सुताराकडून करून घेतलेला लेकीचा पहिला पलंग : उन्हाळा, पावसाळा आणि नवरात्रानंतरचा अनुभव

पलंग होळीच्या सुमारास घरात आला, आता दिवाळी होऊन गेली. एवढ्या वापरानंतर माझं मत असं की पलंग फार चांगला निघाला, आणि तरीही मूल बेबी कॉटमधून पलंगावर नेताना पलंगाच्या निवडीहून जास्त वेळ त्याच्या भोवतालच्या खोलीला द्यावा. कॉटमध्ये जागं झालेलं मूल उभं राहून हाका मारतं. पलंगावरचं मूल खाली उतरतं आणि चालू लागतं, तेही आपण गाढ झोपेत असताना. दुकानात गादी चेपून बघताना हे डोक्यात येत नाही, म्हणून आधी सांगून टाकलं.

कधी हलवायचं, याला वयाचा पक्का नियम नाही. दीड ते साडेतीन वर्षांच्या मधे कधीतरी बहुतेक मुलं हलतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी उंची बघायला सांगितली. मूल साधारण ९० सेंटीमीटरचं झालं, किंवा गादी सगळ्यात खाली लावूनही उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीपर्यंतच येऊ लागला, की कॉटचे दिवस संपले. आमची लेक अडीचच्या आत होती, पण उंच अंगाची, आणि कठड्यावर पाय टाकू लागली होती. वरून पडणारं मूल डोक्यावर पडतं, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. ज्यांचं मूल कॉटमध्ये सुखानं झोपतंय आणि चढायला बघत नाही, त्यांनी मात्र अजिबात घाई करू नये. जूनमध्ये बालवाडी सुरू होणार होती, म्हणून आम्ही मार्चमध्येच हलवलं. नवं भावंड, घर बदलणं, लंगोट सोडवणं, यातलं काही सुरू असेल तर पलंगाचं नंतर बघावं.

सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. “अगं, एवढ्याशा लेकराला वेगळं कशाला? घ्या की तुमच्यात.” आमच्या घरात मुलं आईवडिलांच्या कुशीतच वाढली आहेत आणि त्यात वावगं काही नाही. पण आमचा डबलबेड वीस इंच उंच आणि खाली गुळगुळीत टाइल्स. मुलगी झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरते. तिघांपैकी कोणाचीच झोप होत नव्हती. म्हणून वेगळा पलंग, पण आमच्याच खोलीत, हात लांब केला की पोहोचेल एवढ्या अंतरावर. हे ऐकल्यावर आईंचाही विरोध मावळला.

मग गादी सरळ जमिनीवर का नाही टाकली? आम्ही तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यात बडोद्याची फरशी ओल धरते, गादीची खालची बाजू आठवड्यात कुबट होते, आणि मुंग्या-गोमींचा वावर असतोच. खालून हवा खेळायला हवी आणि पोछा फिरायला हवा. एवढ्यासाठीच पाय हवेत, त्याहून उंची नको.

तयार पलंग बरेच बघितले. एकतर ते मोटारगाडीच्या आकाराचे, भुशाच्या दाबीव फळीचे आणि कोपऱ्यांत स्टेपल मारलेले, नाहीतर मोठ्यांच्याच पलंगाची छोटी आवृत्ती, सोळा-अठरा इंच उंच. संखेड्याचं काम माझ्या फार आवडीचं. तो तालुका आता छोटा उदेपूर जिल्ह्यात गेला असला तरी आम्हा बडोदेकरांना तो आपलाच वाटतो. सागावर चढवलेली ती लाख, तो मरून आणि सोनेरी रंग, आमच्या घरातला बारशाचा पाळणाही तिथलाच आहे. पण त्या घडणीत कोपऱ्याचे खांब कातीव आणि वर निघालेले असतात. एकट्यानं चढउतार करणाऱ्या मुलाच्या फ्रॉकचा बंद किंवा गळ्यातली माळ त्यात अडकू शकते. लहान मुलाच्या पलंगाचे खांब कडेच्या पातळीतच हवेत, वर काही येता कामा नये. म्हणून मन मोडून सागाचंच, पण साधं काम करून घ्यायचं ठरवलं.

वाडीतल्या एका मिस्त्रींना माप दिलं तेव्हा ते म्हणाले, “बेन, आटलो नीचो पलंग कोई नथी बनावतुं.” (ताई, एवढा बुटका पलंग कोणी करत नाही.) पण केला, आणि मन लावून केला. आतलं माप साडेपाच फूट बाय अडीच फूट. कॉटची गादी साधारण ५२ बाय २८ इंच असते. तीच वापरायची म्हटलं तर पलंग पाच वर्षांच्या आसपास अपुरा पडतो, यावर निदान दोनेक वर्षं जास्त निघतील. गादीखालच्या लाकडी पट्ट्या जमिनीपासून सहा इंचांवर, त्यावर चार इंची काथ्याची घट्ट गादी. म्हणजे गादीचा माथा जमिनीपासून दहा इंच. लेकीचे पाय बसल्या बसल्या जमिनीला टेकतात, म्हणून उतरताना ती उडी मारत नाही.

कठड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तयार पलंगांतही लोक हेच नीट बघत नाहीत. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला डोक्याकडच्या अर्ध्या भागात कठडा, पायांकडचा भाग उतरायला मोकळा. कठडा गादीच्या वर निदान पाच इंच राहिला पाहिजे. इथे गादीची जाडी फसवते: चार इंचीच्या हिशेबानं कठडा केला आणि नंतर कौतुकानं सहा इंची गादी आणली, तर कठडा दोन इंचांनी बुटका झाला. कठड्याच्या उभ्या पट्ट्यांमधली फट ६ सेंटीमीटरहून कमी हवी, म्हणजे अंग सरकून डोकं अडकण्याचा धोका राहत नाही. गादी आणि कठडा यांच्यामध्ये फट नकोच. एका ऑनलाइन दुकानातून आधी मागवलेला कापडी, लोखंडी नळ्यांचा कठडा आम्ही याच कारणानं परत केला. ढकलला की तो गादीपासून सुटायचा आणि मधे हात सहज जाईल एवढी जागा व्हायची. तसले सुटे कठडे दोन वर्षांखालच्या मुलासाठी तर वापरूच नयेत.

भिंतीकडच्या बाजूचा घोळ आपल्या घरांत हमखास असतो. भिंतीच्या तळाशी लावलेली टाइल्सची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, भिंतीपासून अर्धा इंच पुढे येते, त्यामुळे पलंग भिंतीला टेकतच नाही आणि वर एक चीर राहते. मिस्त्रींनी मागच्या पायांना स्कर्टिंगच्या उंचीएवढी खाच पाडली, पलंग भिंतीला चिकटला. कामातली ही सगळ्यात हुशार गोष्ट, आणि ती त्यांची, माझी नाही.

रंग लावू दिला नाही. घरगुती रंगातल्या शिशाला २०१७पासून भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे, त्यामुळे चांगल्या डब्याला हरकत नसावी. पण सुताराच्या दुकानातले उरलेसुरले डबे कुठले, कधीचे, कोण सांगणार? आणि आमची लेक कठडा चावते. म्हणून नुसतं अळशीचं कच्चं तेल दिलं. ते सुकायला आठवडे लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आता खोली. संध्याकाळी मी गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरले आणि तिच्या हाताला काय काय लागतं ते बघितलं. सगळ्यात आधी न्हाणीघर. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून बादल्या आणि पिंप कायम भरलेलं. बादलीत वाकलेल्या लहान मुलाचं डोकं जड असतं, तोल गेला तर त्याला वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून उंचावर कडी बसवली आणि रात्री भरलेली बादली ठेवायची नाही, असा घरात दंडकच घातला. खणांचं कपाट भिंतीला लोखंडी एल-पट्ट्यांनी जखडलं, कारण उघडे खण मुलांना पायऱ्यांसारखे दिसतात आणि कपाट अंगावर येतं. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. पडद्याची दोरी वर गुंडाळलेली. टेबलफॅन खोलीतून हद्दपार. ओसरीच्या दाराला वरची खिट्टी. या सगळ्याला पलंगाच्या मानानं नगण्य खर्च आला आणि मी रात्री झोपू शकले ती याच्या जोरावर.

सुरुवात दुपारच्या झोपेपासून केली. चादर कॉटमधलीच, न धुतलेली. कॉट दोन-चार दिवस खोलीतच राहू दिली, तिनं स्वतः बाहुली त्यात निजवल्यावर हलवली. चादरीखाली कडेला गोधडीची वळकटी घातली की लोळत येणारं मूल तिथं अडतं; कठडा नसलेल्या भागासाठी ही युक्ती फार कामाची. खाली दुसरी गोधडी अंथरलेली. पडली का? हो, पायांकडून घसरली, गोधडीवर आली आणि तिथेच झोपून राहिली.

खरा त्रास उठून येण्याचा. पहिले दोनेक आठवडे ती रात्रीतून पुन्हा पुन्हा आमच्या उशाशी उभी. तिचे बाबा आणि मी एकच गोष्ट ठरवली: दिवा लावायचा नाही, गप्पा नाहीत, “रात्र आहे बाळा, झोपायचं,” एवढंच म्हणून हात धरून परत न्यायचं. दोघांनीही अगदी तस्संच. एकानं नेलं आणि दुसऱ्यानं कुशीत घेतलं तर मूल गोंधळतं. नंतर ते आपोआप कमी झालं. नवरात्रात पुन्हा उसळलं. गल्लीतला गरबा मध्यरात्रीपर्यंत, आणि ही खिडकीशी. त्या नऊ रात्री तिला कडेवर घेऊन गरबा दाखवला, दुपारची झोप लांबवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. दिवसाची झोप त्यात धरलेली आहे, हे लक्षात ठेवलं की जीव टांगणीला लागत नाही.

उणिवा आहेत. मेच्या उन्हात लाकूड आकसलं, पट्ट्या कुरकुरू लागल्या. बोल्ट आवळले आणि पट्ट्यांखाली नमद्याचे तुकडे घातले तेव्हा शांत झाल्या. अंथरूण ओलं झालं तिथे सागावर काळे डाग पडले, ते घासूनही पुरते गेले नाहीत. गादीला जलरोधक खोळ पहिल्या दिवसापासून हवी. कॉटची मच्छरदाणी इथे बसत नाही. वरून दोरीनं टांगायची मच्छरदाणी मला नको होती, म्हणून खिडक्यांनाच बारीक जाळी बसवली. आणि सगळ्यात मोठी उणीव आईंच्या गुडघ्यांची. दहा इंचांवर त्यांना बसता येत नाही, बसल्या तर उठता येत नाही. रात्रीची गोष्ट त्याच सांगतात, नातीला दुसऱ्या कोणाची चालत नाही. त्यांच्यासाठी पलंगाशेजारी पाठ असलेली खुर्ची कायमची ठेवली. घरात आजी-आजोबा असतील तर ती जागा आधीच मोजून घ्या.

खर्च पलंगाचा १८ हजारांच्या आसपास, गादी वेगळी. तयार दाबीव फळीच्या पलंगाहून जास्त, पण सांधे अजून घट्ट आहेत.

रिकामी कॉट नणंदेकडे गेली. जुनी कॉट कोणाला देताना तिची एक बाजू खाली सरकणारी आहे का ते बघा. तशा कॉटच्या विक्रीवर अमेरिकेत २०११मध्ये बंदी आली, कारण सरकती बाजू सुटून झालेल्या फटीत मुलं अडकत होती. आमची चारी बाजूंनी पक्की होती म्हणूनच दिली.

कठडा चार बोल्टवर आहे, पुढे काढता येईल. ती भोकं बुजवायला मिस्त्रींनी सागाच्या गुट्ट्या तेव्हाच करून दिल्या आहेत.