१९३० हेल्पलाइन: कर्जाच्या नावाखाली आधी पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध

यावल तालुक्यात केळी लागवडीच्या तोंडावर रोपं, ठिबक, मजुरी सगळा खर्च एकदम अंगावर येतो. माझ्या चुलतभावाला नेमका तेव्हाच फोन आला, दोन लाखांचं पर्सनल लोन मंजूर म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीपत्र, त्यावर चक्क रिझर्व्ह बँकेचा शिक्का! आधी फाइल चार्ज, मग विमा, मग जीएसटी, आणि दरवेळी "रिफंडेबल आहे, भाऊ". रिझर्व्ह बँक कुणाला पर्सनल लोन देत नाही, त्याची पत्रंही काढत नाही. प्रोसेसिंग फी बहुतेक ठिकाणी कर्जाच्या रकमेतूनच कापतात. इथे पैसे मागत होते कुणा माणसाच्या खात्यावर.

फाइल चार्ज आणि विमा भरून झाला होता; जीएसटीचं नाव निघताच वहिनींना संशय आला, त्यांनी तडक १९३० लावला, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारलं: बँक, रक्कम, वेळ, यूपीआयचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक. तो आकडा हाताशी ठेवूनच फोन करा, शोधाशोधीत वेळ जातो. मेसेजवर तक्रार क्रमांक आला, मग सायबर क्राइम पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकून तक्रार पूर्ण केली. फाइल चार्ज तोवर काढून नेला होता, विम्याची रक्कम मात्र समोरच्या खात्यात गोठवली गेली. गरीब शेतकऱ्याला एवढा आधारही फार मोठा आहे.

कंपनीची तक्रार आम्ही रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या तक्रार पोर्टलवरही टाकली. पुन्हा नव्या नंबरवरून फोन आला, तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद कॉल कळवायच्या 'चक्षू' सुविधेत कळवला.